‘दे वर्क फॉर यू’: ग्रामीण ब्रिटनच्या तक्रारी संसदेत कुठपर्यंत पोहोचतात, हे दाखवणारी सेवा

ब्रिटनच्या ग्रामीण भागात एखाद्या गावातील शेवटची बँकशाखा बंद होते, हृदयविकाराच्या रुग्णाला रुग्णवाहिकेची वाट पाहत ताटकळावे लागते किंवा डोंगराआडच्या वस्तीत मोबाइलला रेंज मिळत नाही, तेव्हा तेथील रहिवासी आपल्या खासदाराकडे जातात. खासदार ऐकून घेतात, पत्र लिहितात, संसदेत विषय मांडण्याचे आश्वासन देतात. पुढे तो विषय खरोखर मांडला गेला का, कोणत्या शब्दांत मांडला गेला, मंत्र्यांनी त्यावर काय उत्तर दिले आणि सहा महिन्यांनी त्या उत्तराचे काय झाले, हे तक्रारदाराला घरबसल्या पडताळता आले पाहिजे. ‘दे वर्क फॉर यू’ हे संकेतस्थळ ही सोय विनामूल्य देते. मी ते बरीच वर्षे वापरत आहे आणि ग्रामीण मतदारसंघात राहणाऱ्या प्रत्येकाने ते वापरावे असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ते कशासाठी वापरावे आणि कशासाठी वापरू नये, यात फार मोठा फरक आहे, आणि या परीक्षणाचा बराचसा भाग त्या फरकाविषयीच आहे.

ही सेवा 2004 मध्ये काही स्वयंसेवकांनी सुरू केली आणि आज ‘मायसोसायटी’ ही धर्मादाय संस्था ती चालवते. घराचा पोस्टकोड टाकला की आपल्या मतदारसंघाच्या खासदारांचे पान उघडते. त्यांची अलीकडची भाषणे, विचारलेले लेखी प्रश्न व त्यांची उत्तरे, मतदानाची नोंद आणि आर्थिक हितसंबंधांची नोंदवही त्या एकाच पानावरून पाहता येते. मूळ मजकूर ‘हॅन्सार्ड’ या संसदेच्या अधिकृत इतिवृत्ताचा असतो, त्यामुळे वाचकाला कोणा वार्ताहराचा सारांश वाचावा लागत नाही, सभागृहात झालेले बोलणेच वाचायला मिळते. अधिकृत इतिवृत्त भाषणानंतर काही तासांत संसदेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर येते, तर येथे ते साधारणपणे दुसऱ्या दिवशी सकाळी दिसते. एवढा उशीर कोणत्याही मतदाराला चालण्यासारखा आहे. ज्यांना थेट पाहायचेच आहे त्यांच्यासाठी ‘पार्लमेंट लाइव्ह टीव्ही’ ही संसदेची वेगळी सेवा आहे आणि तीही विनामूल्य आहे.

या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ईमेलने मिळणारी सूचना. एखाद्या खासदाराच्या नावाने सूचना मागवली तर ते बोलले की कळते. एखाद्या शब्दासाठी मागवली तर दोन्ही सभागृहांत कोणीही तो शब्द उच्चारला की कळते. बहुतेक जण आपल्या खासदाराच्या नावाने सूचना मागवतात आणि तिथेच थांबतात. माझा आग्रह असा आहे की ग्रामीण मतदाराने गावाचे नाव, जवळच्या रुग्णालयाचे नाव, बसमार्गाचे नाव किंवा घर तापवण्याच्या तेलासारखा विषय यांसाठी सूचना मागवावी. खासदार अनेक विषयांवर बोलतात आणि त्यांतले पुष्कळसे आपल्या गावाशी संबंधित नसतात. गावाचे नाव मात्र वर्षातून चारदोनदाच सभागृहात निघते, आणि ते निघते तेव्हा बहुधा काहीतरी घडलेले असते.

सेवेचा नीट उपयोग करायचा असेल तर संसदेत तक्रार कोणकोणत्या वाटांनी जाते, हे ठाऊक असायला हवे, कारण संकेतस्थळ सर्व नोंदी दाखवते परंतु त्यांचे वजन सांगत नाही. बुधवारी दुपारी बारा वाजता पंतप्रधानांना विचारलेला प्रश्न दूरचित्रवाणीवर झळकतो, पण तो प्रश्न विचारण्याची संधी मुख्यतः सोडतीवर अवलंबून असते आणि उत्तर काही वाक्यांत आटोपते. दिवसाच्या कामकाजाच्या अखेरीस होणारी स्थगन चर्चा अर्ध्या तासाची असते. बाके जवळजवळ रिकामी असतात, मतदान होत नाही, परंतु संबंधित खात्याच्या मंत्र्यांना हजर राहून त्या एकाच विषयावर सविस्तर उत्तर द्यावे लागते. एखादे छोटे रुग्णालय, एखादा पूल, एखादी रेल्वे स्थानकावरची गैरसोय असे विषय इथे पूर्णपणे मांडता येतात. मुख्य सभागृहाबाहेर वेगळ्या दालनात होणाऱ्या, 1999 पासून सुरू झालेल्या वेस्टमिन्स्टर हॉल चर्चांचाही असाच उपयोग होतो आणि तेथे शेजारच्या मतदारसंघांतील खासदारही आपापल्या भागाची परिस्थिती जोडून मांडू शकतात. ज्या चर्चेची चित्रफीत कोणी पाहत नाही, तिच्या इतिवृत्तातच गावाच्या कामाचा मजकूर सापडतो, असा माझा अनुभव आहे.

लेखी प्रश्न हा या सर्वांत कमी गाजणारा आणि मतदाराच्या दृष्टीने सर्वाधिक उपयोगी प्रकार आहे. खासदार खात्याला लेखी प्रश्न पाठवतात, सर्वसाधारण प्रश्नाचे उत्तर आठवडाभरात यावे असा संकेत आहे, आणि ठरावीक दिवशी उत्तर मागणारे प्रश्न एका खासदाराला एका दिवशी पाचपर्यंत देता येतात. उत्तर आले की ते कायमचे सार्वजनिक होते. मंत्र्यांनी सभागृहात उत्साहाच्या भरात दिलेल्या आश्वासनापेक्षा लेखी उत्तरातील एक कोरडे वाक्य पुढे अधिक कामाला येते, कारण ते खात्याने तपासून दिलेले असते आणि पुढच्या पत्रात जसेच्या तसे उद्धृत करता येते. ग्रामीण विषयांवरील लेखी उत्तरे वाचू लागल्यावर एक ठरावीक उत्तर वारंवार समोर येते: ही माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही, किंवा ती गोळा करण्याचा खर्च मर्यादेबाहेर जाईल. पहिल्यांदा वाचताना ही टाळाटाळ वाटते. प्रत्यक्षात तेही उपयोगी उत्तर आहे, कारण खेडोपाडी सेवा किती उशिरा पोहोचते याचा हिशेब खात्याकडे नाही, ही कबुली त्यात असते. मग तीच माहिती स्थानिक आरोग्य संस्थेकडे किंवा कौन्सिलकडे, म्हणजे तेथील स्थानिक स्वराज्य संस्थेकडे, मागता येते. त्यासाठी याच संस्थेची ‘व्हॉट डू दे नो’ ही 2008 पासूनची सेवा आहे. तिच्यामार्फत माहिती अधिकाराचा अर्ज पाठवता येतो आणि कायद्यानुसार सर्वसाधारणपणे वीस कामकाजाच्या दिवसांत उत्तर अपेक्षित असते. दोन्ही सेवा एकत्र वापरणारा मतदार खासदारांच्या हाती पुढच्या प्रश्नासाठी आकडे देऊ शकतो, आणि हे मला या सेवांचे खरे सामर्थ्य वाटते.

तापवण्याच्या तेलाचा विषय या दृष्टीने शोधून पाहण्यासारखा आहे. ब्रिटनमध्ये 2019 पासून घरगुती वीज व गॅसच्या दरांवर नियामकाने ठरवलेली कमाल मर्यादा आहे, परंतु गॅसची वाहिनी न पोहोचलेल्या ग्रामीण घरांत जे तेल टाकीत भरून वापरले जाते, त्याला ही मर्यादा लागू नाही; उत्तर आयर्लंडमध्ये तर सुमारे दोनतृतीयांश घरे या तेलावर उबदार राहतात. 2022 मध्ये इंधनाचे दर भडकले तेव्हा सरकारने अशा कुटुंबांसाठी सप्टेंबरमध्ये 100 पौंडांचे साहाय्य जाहीर केले आणि नोव्हेंबरमध्ये ते दुप्पट करून 200 पौंड केले. त्या महिन्यांतील नोंदी हा विषय टाकून शोधल्या की वेगवेगळ्या पक्षांच्या ग्रामीण खासदारांनी एकाच तक्रारीचे निरनिराळे पैलू कसे मांडले, ते क्रमाने वाचता येते. रक्कम पुरेशी आहे का, ती कधी मिळणार, आणि ज्यांचे विजेचे खाते स्वतःच्या नावावर नाही अशा पार्क होममधील, म्हणजे खासगी जागेवरच्या फिरत्या धाटणीच्या घरांतील, वृद्धांना ती कशी मिळणार, हे प्रश्न त्यांत येतात. शेवटच्या प्रश्नाला सरकारला स्वतंत्र अर्जाची व्यवस्था करूनच उत्तर द्यावे लागले. वर्तमानपत्रांत हा सगळा व्यवहार दोन मथळ्यांत आटोपला होता. संकेतस्थळावर तो पायरीपायरीने दिसतो.

परंतु या सेवेची खरी कसोटी घ्यायची असेल तर टपाल कार्यालयांच्या प्रकरणाच्या नोंदी वाचाव्यात. खेड्यातील टपाल कार्यालय बहुधा किराणा दुकानाच्या एका कोपऱ्यात असते आणि ते चालवणारे उपटपालमास्तर गावाच्या विश्वासातले असतात. 1999 च्या सुमारास तेथे ‘होरायझन’ ही संगणकप्रणाली बसवण्यात आली. ती नसलेली तूट दाखवू लागली आणि त्या खोट्या तुटीच्या आधारे चोरी व खोट्या हिशेबाच्या आरोपांखाली नऊशेहून अधिक जणांना दोषी ठरवले गेले. हँपशायरमधील साउथ वॉर्नबरो या लहानशा गावातील दुकानदार बाई त्यांच्यापैकी एक होत्या. त्या गावाचा समावेश ज्या मतदारसंघात होता, त्या नॉर्थ ईस्ट हँपशायरचे खासदार होते जेम्स आर्बथनॉट, सत्ताधारी परंपरेतले, माजी मंत्री राहिलेले हुजूर पक्षाचे सदस्य. त्यांनी आपल्या मतदारांवर विश्वास ठेवला, इतर खासदारांकडेही अशाच तक्रारी आल्या आहेत का याची विचारणा केली, आणि शंभराहून अधिक खासदारांच्या मतदारांची गाऱ्हाणी एकत्र आली. नॉर्थ डरहॅमचे मजूर पक्षाचे खासदार केव्हन जोन्स त्यांच्या बरोबरीने उभे राहिले.

17 डिसेंबर 2014 रोजी आर्बथनॉट यांनी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये, उपटपालमास्तरांच्या तक्रारी सोडवण्यासाठी काढलेल्या टपाल कार्यालयाच्या मध्यस्थी योजनेवर चर्चा घडवून आणली. ती चर्चा या संकेतस्थळावर पूर्ण वाचता येते आणि ती सावकाश वाचावी अशी माझी मनापासून विनंती आहे. एकामागून एक खासदार उठतात आणि आपापल्या मतदारसंघातील एका माणसाची हकिगत सांगतात. तूट, घरातले पैसे घालून ती भरण्याचा प्रयत्न, ‘असा त्रास फक्त तुम्हालाच होतो आहे’ हे ऐकवले जाणे, मग खटला. निरनिराळ्या गावांतील, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांच्या हकिगती इतक्या सारख्या कशा, हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात आपोआप उभा राहतो. तेव्हा टपाल कार्यालय चालवणारी संस्था आपली प्रणाली निर्दोष असल्याचे सांगत होती. सभागृहातील भाषणाला 1689 च्या अधिकारपत्राचे संरक्षण असल्यामुळे खासदारांना अब्रुनुकसानीच्या दाव्याची भीती न बाळगता बोलता आले, आणि बाहेर ज्या गोष्टी छापताना वकिलांचा सल्ला घ्यावा लागला असता, त्या इतिवृत्तात नोंदल्या गेल्या.

न्याय मात्र संसदेतून लगेच आला नाही, हेही नोंदींच्या तारखांवरूनच कळते. डिसेंबर 2019 मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले, एप्रिल 2021 मध्ये अपील न्यायालयाने एकोणचाळीस जणांच्या शिक्षा रद्द केल्या आणि साउथ वॉर्नबरोच्या बाई त्यांत होत्या. जानेवारी 2024 मध्ये या प्रकरणावरील दूरचित्रवाणी मालिकेने देश हलला आणि मे 2024 मध्ये दोषसिद्धी सरसकट रद्द करणारा कायदा झाला. म्हणजे 2014 च्या चर्चेपासून कायद्यापर्यंत नऊ वर्षांहून अधिक काळ गेला. या काळातील मंत्र्यांची उत्तरे क्रमाने वाचताना त्यांची भाषा कशी बदलत गेली ते दिसते. आधी हा टपाल संस्थेचा अंतर्गत व्यवहार असल्याची भूमिका, नंतर खेद, नंतर भरपाईच्या योजना, आणि अखेर कायदा. एवढ्या दीर्घ काळाचा माग एका सामान्य वाचकाला एका शोधपेटीतून घेता येतो, हे मी या सेवेचे सर्वांत मोठे यश मानतो.

ताज्या काळातले उदाहरण नॉर्थ श्रॉपशायरचे घेता येईल. ऑस्वेस्ट्री, मार्केट ड्रेटन, व्हिटचर्च, वेम, एल्समिअर अशी लहान बाजारगावे आणि त्यांच्याभोवतीची शेती असा हा मतदारसंघ जवळजवळ दोनशे वर्षे हुजूर पक्षाकडे होता. 16 डिसेंबर 2021 च्या पोटनिवडणुकीत लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या हेलन मॉर्गन तेथे निवडून आल्या आणि रुग्णवाहिकांचा विलंब हा त्यांच्या प्रचाराचा मोठा विषय होता. हृदयविकार व पक्षाघात ज्या गटात मोडतात, त्या दुसऱ्या श्रेणीच्या हाकेसाठी इंग्लंडमध्ये सरासरी अठरा मिनिटांचे उद्दिष्ट आहे. विखुरलेल्या खेड्यांत आणि रुग्णालयाबाहेर रुग्ण उतरवून घेण्यासाठी रुग्णवाहिका खोळंबलेल्या असताना ते किती दूरचे ठरते, हे त्यांनी संसदेत पुन्हापुन्हा मांडले. त्यांच्या पानावरील नोंदी वाचताना एका गोष्टीचे मला महत्त्व वाटते: त्या विषय एकाच वाटेने मांडून थांबत नाहीत. तोंडी प्रश्न, चर्चेतील हस्तक्षेप, लेखी प्रश्न असे तेच दुखणे निरनिराळ्या दारांतून पुढे येत राहते. आपले खासदार एखाद्या विषयाच्या किती मागे लागले आहेत, हे ठरवायचे असेल तर भाषणांची संख्या मोजण्यापेक्षा हा पाठपुरावा पाहावा.

संख्येचा विषय निघाला म्हणून या सेवेचा जुना दोषही सांगितला पाहिजे. आरंभीच्या काळात खासदार किती वेळा बोलले, सरासरीपेक्षा कमी की जास्त, असे आकडे ठळकपणे दाखवले जात. आकडा वाढावा म्हणून काही जण किरकोळ हस्तक्षेप करतात, अशी टीका तेव्हा झाली आणि ती रास्त होती. ग्रामीण खासदाराच्या बाबतीत तर असा आकडा दिशाभूल करणाराच ठरतो, कारण केथनेस, सदर्लंड व ईस्टर रॉस यांसारख्या मतदारसंघात फिरण्यातच दिवस जातात. 2024 च्या निवडणुकीसाठी मतदारसंघांची आखणी करताना बहुतेक ठिकाणी मतदारसंख्या 69,724 ते 77,062 यांच्या दरम्यान ठेवण्यात आली. लंडनमध्ये तेवढे मतदार काही चौरस किलोमीटरमध्ये राहतात, तर डोंगराळ स्कॉटलंडमध्ये तेवढ्यांसाठी अख्खा प्रदेश लागतो. अशा खासदाराचे निम्मे काम गावांच्या सभागृहांत भरणाऱ्या, सर्जरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मतदारभेटींत होते. निवृत्तिवेतन अडकलेले, व्हिसाचा निर्णय रखडलेला, शेतीच्या अनुदानात कपात झालेली अशी माणसे तेथे येतात, खासदारांचे कार्यालय पत्रे पाठवते, आणि यांतले काहीही या संकेतस्थळावर दिसत नाही. दिसूही नये, कारण ती खाजगी गाऱ्हाणी असतात. पण वाचकाने पानावर नोंद कमी दिसली म्हणून खासदार निष्क्रिय आहेत असा निष्कर्ष काढला तर तो अन्याय होईल.

मतदानाच्या नोंदीबाबतही सावध राहावे. खासदारांनी कोणत्या धोरणाच्या बाजूने किंवा विरोधात मत दिले याचे सारांश सेवेत आहेत आणि ते काळजीपूर्वक केलेले आहेत, परंतु बहुतेक मतदान पक्षादेशानुसार होते. त्यामुळे पक्षाची भूमिका कळते, खासदारांचे स्वतःचे मत फारसे कळत नाही. पक्षादेश मोडून मत दिल्याची नोंद मात्र अवश्य पाहावी. ग्रामीण मतदारसंघाच्या दडपणाखाली असे कधीकधी घडते.

स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधील वाचकांसाठी आणखी एक खबरदारी आहे. आरोग्य, शिक्षण आणि शेती हे विषय तेथील विधिमंडळांकडे सोपवलेले आहेत. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाकडील ‘विक’ या गावाच्या परिसरातील गर्भवतींना प्रसूतीसाठी शंभरहून अधिक मैलांवरच्या इन्व्हर्नेसला जावे लागते, हे गाऱ्हाणे खासदार जेमी स्टोन यांनी वेस्टमिन्स्टरमध्ये मांडले आहे आणि त्यामुळे ते देशभर ऐकू गेले. परंतु त्यावरचा निर्णय एडिनबरात होतो. सेवेत स्कॉटिश संसदेच्या नोंदीही असल्याने शोधताना दोन्हीकडे पाहावे. हे विभाजन संकेतस्थळाने नवख्या वाचकाला अधिक ठळकपणे समजावून द्यायला हवे असे मला वाटते. तसेच रस्त्यावरचे खड्डे, पथदिवे, कचरा हे विषय कौन्सिलचे असतात आणि खासदारांना त्यासाठी पत्र लिहिल्यास ते पुढे पाठवण्यापलीकडे फारसे काही करू शकत नाहीत. त्या तक्रारींसाठी याच संस्थेची ‘फिक्स माय स्ट्रीट’ ही वेगळी सेवा आहे.

शेतजमिनीवरील वारसाकराच्या वादात मात्र या सेवेला संसदेच्या याचिका संकेतस्थळाची जोड द्यावी लागली. ऑक्टोबर 2024 च्या अर्थसंकल्पात शेतमालमत्तेला वारसाकरातून मिळणारी पूर्ण सवलत एप्रिल 2026 पासून दहा लाख पौंडांपर्यंत मर्यादित करण्याची घोषणा झाली आणि शेतकरी ट्रॅक्टर घेऊन लंडनच्या रस्त्यांवर आले. याचिकांच्या नियमानुसार दहा हजार सह्यांनंतर सरकार उत्तर देते आणि एक लाख सह्यांनंतर चर्चेचा विचार होतो. या प्रश्नावरील याचिकेने एक लाखाचा टप्पा ओलांडला आणि 10 फेब्रुवारी 2025 रोजी तिच्यावर चर्चा झाली. याचिकेच्या पानावर मतदारसंघनिहाय सह्यांचा नकाशा असतो आणि तो पाहून मग ‘दे वर्क फॉर यू’वर त्या त्या खासदाराचे भाषण वाचले की मतदारांचा दाब आणि प्रतिनिधीचे शब्द शेजारी ठेवून पाहता येतात. ग्रामीण भागातून प्रथमच निवडून आलेल्या मजूर पक्षाच्या सदस्यांची कोंडी मला त्या भाषणांत सर्वांत स्पष्ट जाणवली. डिसेंबर 2025 मध्ये सरकारने ही मर्यादा पंचवीस लाख पौंडांपर्यंत वाढवण्याचे जाहीर केले.

स्वतःची तक्रार पाठवण्यासाठी ‘राइट टु देम’ ही 2005 पासूनची भगिनी सेवा आहे. पोस्टकोड टाकायचा, प्रतिनिधी निवडायचा आणि पत्र लिहायचे. एकाच मसुद्याच्या शेकडो प्रती पाठवायला ती नकार देते, आणि मला हा नियम अत्यंत योग्य वाटतो, कारण छापील मजकुराच्या ढिगाऱ्यापेक्षा आपल्या गावातील वस्तुस्थिती सांगणारे एक पत्र खासदारांच्या हाती प्रश्नाचा मसुदाच देते. तारीख, ठिकाण, कोणाकडे तक्रार केली होती, काय उत्तर मिळाले आणि खासदारांनी नेमके काय विचारावे अशी अपेक्षा आहे, एवढे पत्रात असावे; पूर्ण पत्ता अवश्य द्यावा, कारण खासदार फक्त आपल्या मतदारसंघातील रहिवाशांचीच कामे हाती घेतात. प्रकरण न्यायालयात सुरू असेल तर त्याविषयी सभागृहात बोलण्यावर निर्बंध असतात, तेही आधी कळवलेले बरे.

ब्रिटनच्या खेड्यांत आणि लहान गावांत डॉक्टर, परिचारिका, अभियंते म्हणून राहणाऱ्या मराठी मंडळींना हे मुद्दाम सांगायचे आहे. राष्ट्रकुलातील देशाचे नागरिक म्हणून तेथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या प्रौढ भारतीयांना संसदीय निवडणुकीत मतदानाचा अधिकार आहे. त्यासाठी ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही, मतदारयादीत नाव नोंदवावे लागते आणि मतदानकेंद्रावर छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागते. मतदार म्हणून नाव नोंदवलेले नसले तरी त्या मतदारसंघात राहणारा कोणीही खासदारांकडे गाऱ्हाणे नेऊ शकतो. आपल्यापैकी अनेक जण व्हिसाच्या अडचणीपुरतेच खासदारांना आठवतात. ज्या गावात आपण दवाखाना चालवतो, ज्या गावच्या शाळेत आपली मुले जातात, त्या गावची बस बंद झाली तर तो विषयही आपलाच आहे.

वापरण्यातील सुलभतेविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. पाने साधी आहेत, मंद इंटरनेटवरही उघडतात आणि ग्रामीण भागात हा गुण मोठा आहे. सूचना मागवण्यासाठी ईमेलपलीकडे काही द्यावे लागत नाही. शोधपेटीत नेमका वाक्प्रयोग अवतरणचिन्हांत टाकला आणि खासदार किंवा कालावधी निवडला तर निकाल बरेच सुधारतात. नुसता एक शब्द टाकला तर नको असलेल्या नोंदींचा भार येतो.

ज्यांनी फार पूर्वी खासदारांच्या नावाने सूचना मागवली असेल त्यांनी ती आता तपासून घ्यावी. जुलै 2024 च्या निवडणुकीत मतदारसंघांच्या सीमा व नावे बदलली आणि 650 पैकी 335 सदस्य प्रथमच निवडून आले. पराभूत किंवा निवृत्त सदस्याच्या नावाची सूचना आपोआप नव्या सदस्याकडे वळत नाही. पोस्टकोड पुन्हा टाकून सध्याचे खासदार कोण ते पाहावे आणि त्याच वेळी गावाच्या नावाची दुसरी सूचना जोडून घ्यावी.